कालखंडाबाहेरचे मरण

नेस्टा गेली हे मला एक मार्चला, मंगळवारी सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी दवाखान्याच्या फोनवरून कळले. फोनवरच्या मुलीने आधी माझे नाव विचारले, मग जन्मतारीख विचारली, मग पत्त्याचा पिन कोड विचारला. तिन्ही उत्तरे बरोबर निघाल्यावर तिने माझी बायको वारल्याचे सांगितले. एक मार्च म्हणजे आमच्या देशाच्या संत डेव्हिडचा सण. त्या दिवशी आमचे अख्खे लानग्रावेन गाव जुन्या वेषात असते. त्यामुळे समाचाराला आलेली पहिली व्यक्ती, म्हणजे नगरसभेच्या कारकून मिसेस प्रोबर्ट, डोक्यावर हातभर उंच काळी टोपी, अंगावर लाल शाल आणि छातीला पिवळे फूल लावून आल्या. टोपी दाराला अडली. त्या वाकून आत आल्या, मनुकांचा पाव टेबलावर ठेवला आणि गावाचे फार मोठे नुकसान झाले असे म्हणाल्या.

नुकसान झाले होते. गावाला ते नुकसान वाटले नाही, एवढेच.

नेस्टाने तीस वर्षे शाळेच्या स्वयंपाकघरात काम केले आणि चाळीस वर्षे आमच्या प्रार्थनागृहाची दफनाची वही सांभाळली. कोण कधी जन्मले, कधी गेले, कुठल्या रांगेत पुरले, हे तिला वही न उघडता सांगता येई. नगरसभेच्या प्रत्येक बैठकीला ती तिसऱ्या रांगेत विणकाम घेऊन बसे. अध्यक्ष हँडेल प्यू इतिहासावर बोलू लागले की ती मान वर न करता म्हणे, "हँडेल, असं काही झालं नव्हतं." हँडेल आणि मी एका वर्गातले. त्याची फार इच्छा होती की आमच्या खानावळीत कधीकाळी एखादा राजपुत्र झोपलेला असावा. नेस्टाने भर सभेत सांगितले की खानावळ १८७४ सालची आहे आणि राजपुत्र त्याच्या चारशे वर्षे आधी वारला, तेव्हा तो पायाच्या खड्ड्यात झोपला होता का, हे अध्यक्षांनी स्पष्ट करावे. राजपुत्राचा ठराव मागे घेण्यात आला.

हँडेलची अडचण मला समजत होती. आमच्या गावाचे एकमेव आकर्षण म्हणजे चौकातले सार्वजनिक शौचालय. डोंगरापलीकडच्या गावात एका संताच्या गाढवाची कबर आहे आणि ती बघायला बसगाड्या भरून माणसे जातात. वाटेत गाड्या आमच्याकडे दहा मिनिटे थांबतात. त्या कबरीत गाढव नाही हे तिथल्या लोकांनाही ठाऊक आहे. पण लोक तिथे रडतात, आणि रडून झाल्यावर चहा पितात. आमच्याकडे लोक मोकळे होतात आणि निघून जातात.

माझा धंदा दगडाचा. आमच्याकडे आडनावे मोजकी, म्हणून माणूस धंद्यावरून ओळखला जातो. मी दगडवाला इद्वाल. आमच्या खाणीतून पाटीचा काळा दगड निघायचा. खाण बंद पडली तरी दगड उरला, आणि माणसे मरायची थांबली नाहीत. स्मशानातले गेल्या पन्नास वर्षांतले सगळे दगड माझ्या हातचे. नेस्टा तारीख सांगायची, मी कोरायचो. चुकीची तारीख माझ्या हातून एकदाच कोरली गेली, १९८३ साली. तो दगड मी पदरमोड करून नवा केला, कारण नेस्टाने तीन दिवस माझ्याशी बोलणे टाकले होते.

तिला पुरल्यावर दगड लगेच लावता येत नाही. माती बसायला वर्ष जाते. त्याआधी लावला तर दगड कलतो. मी थांबलो. गाव थांबले नाही.

जूनच्या बैठकीत हँडेलने राजपुत्र पुन्हा मांडला. इथे तो एक रात्र झोपला होता, असे म्हणून तो सवयीने थांबला आणि त्याने तिसऱ्या रांगेकडे पाहिले. खुर्ची रिकामी होती. ठराव मंजूर झाला तेव्हा राजपुत्र दोन रात्री झोपला होता.

त्याच वर्षी प्रार्थनागृह बंद झाले. सहाशे माणसांची जागा, येणारी नऊ. इमारत आणि स्मशान नगरसभेकडे गेले, आणि नगरसभेने गावभर 'वारसा-पथ' आखला. पथाचा अधिकृत कालखंड खाण सुरू झाल्यापासून खाण बंद होईपर्यंत, म्हणजे १८६१ ते १९१२ असा ठरला. पथाच्या हद्दीत या कालखंडाबाहेरचे काही दिसू नये असा नियम झाला. चिप्सच्या दुकानाला वर्तमानपत्राच्या कागदात चिप्स बांधण्याचा हुकूम निघाला आणि त्यासाठी १९०८ सालचे वर्तमानपत्र नवे छापून आणण्यात आले. स्मशान हद्दीतच होते.

वर्षाने मी दगडाच्या परवानगीसाठी गेलो. मिसेस प्रोबर्टनी अर्ज दिला. त्यात 'मयताचा कालखंडाशी संबंध' असा रकाना होता. मी लिहिले: संबंध नाही, ती आत्ता वारली. आठ दिवसांनी अर्ज परत आला आणि पाठोपाठ मला बोलावणे आले.

"इद्वाल, तुमची ही तारीख कालखंडाबाहेरची आहे," मिसेस प्रोबर्ट म्हणाल्या.

"पण ती मेलीच त्या तारखेला."

"तिच्या मरण्याला कुणाचीच हरकत नाही हो. हरकत तारखेला आहे."

त्यांनी मला पर्याय समजावून सांगितले. बाई मनाने वाईट नाहीत. पहिला पर्याय असा की कबर आहे तिथेच राहू द्यावी आणि दगड शौचालयाशेजारच्या वाहनतळावर लावावा, कारण आधुनिक काळ तिथून सुरू होतो. मी म्हणालो, दगडाखाली माणूस असावा अशी आमच्या धंद्यात पद्धत आहे. मग दुसरा पर्याय काढला: तारखेविना दगड. तो मी लावून पाहिला. तीन दिवसांत सुरक्षा विभागाने त्याला 'अपूर्ण बांधकाम' ठरवले आणि नेस्टाभोवती नारिंगी जाळी बांधली. दगड काढून घ्यावा लागला. मी पुन्हा गेलो तेव्हा तिसरा पर्याय निघाला, 'अंतरिम तारखेचा'. एका हंगामापुरती कालखंडात बसेल अशी तारीख घालावी, आणि सप्टेंबरमध्ये उपसमिती खऱ्या तारखेचा सहानुभूतीने विचार करील.

मी नकार देऊन घरी आलो. पुढच्या शनिवारी स्मशानात गेलो तर बसमधून उतरलेले एक जोडपे नेस्टावर बसून सँडविच खात होते. माती बसली होती, गवत आले होते, खूण काही नव्हती. दोघेही लगेच उठले, माफ करा म्हणाले, आम्हाला हिरवळ वाटली म्हणाले. माणसे सभ्य होती. जाताना त्यांनी कागदसुद्धा उचलून नेला.

सोमवारी मी अंतरिम तारखेला होकार दिला.

दगड मी असा केला की नाव मोठ्या पाटीत कोरले आणि तारखांच्या जागी खोबण ठेवली. खोबणीत बसणारी छोटी पाटी वेगळी केली, पितळेच्या दोन स्क्रूंनी लागणारी. अशा दोन पाट्या कोरल्या. एकीवर तिच्या खऱ्या तारखा. दुसरीवर १८४० ते १९११, म्हणजे वय तरी खरे राहावे; जन्म कालखंडाआधीचा असायला हरकत नव्हती. ही दुसरीही तितकीच सुबक उतरली. हात धंद्याचा आहे, त्याला कळत नाही.

आमची मुलगी ग्वेनो कार्डिफला नर्स आहे. तिला फोनवर सांगितले. ती म्हणाली, "बाबा, आई यावर तुमच्याशी किती दिवस बोलली नसती, काही हिशेब आहे का?"

मी म्हणालो, सप्टेंबरपर्यंतच आहे.

उपसमितीला वय पसंत पडले नाही. पर्यटनाचा अभ्यास करणाऱ्या एका तज्ज्ञाने असे दाखवून दिले होते की मयताचे वय चाळिशीच्या वर गेले की पाहणाऱ्याचे दुःख झपाट्याने घटते आणि सत्तरीला ते जवळपास शून्यावर येते. नेस्टाला एकोणतीस वर्षांची करण्यात आले. एकोणतीस वर्षांची बाई मूत्रपिंडाच्या दुखण्याने हळूहळू मरते हे कुणाला पटेना, म्हणून मरणाचे कारणही दुरुस्त झाले. हँडेलने ते स्वतः लिहिले. नवऱ्याचा जेवणाचा डबा घेऊन ती खाणीकडे निघाली होती. दरड कोसळल्याचा भोंगा वाजला. बाकीच्या बायका मागे पळाल्या आणि नेस्टा पुढे धावली.

मी हँडेलला सांगितले की नेस्टाने उभ्या जन्मात माझा डबा पोचवला नाही. मी तो सकाळी स्वतः भरून न्यायचो, आणि एकदा तिचाही भरला होता.

"अरे लेका, हे तुझ्याबद्दल नाहीच," तो म्हणाला. "हे १९११ च्या इद्वालबद्दल आहे."

नवी पाटी कोरून द्यावी लागली. माहितीपत्रक छापले गेले आणि गाड्या दहाऐवजी पन्नास मिनिटे थांबू लागल्या. खानावळीने दुपारचे जेवण सुरू केले. गर्दी वाढल्यावर कबरीभोवती दोरी लागली, आणि दहा ते चार या वेळात दोरीच्या आत कोणी जायचे नाही असे ठरले. मीही नाही. अपवाद एकच होता. समितीला कबरीशेजारी एक विधुर उभा हवा होता, शनिवारी आणि रविवारी, अकरा वाजता आणि दोन वाजता. काम बिनपगारी. अर्जात 'पूर्वानुभव' असा रकाना होता.

मला घेतले.

जुनी टोपी आणि गळपट्टा नाटक मंडळाने दिला. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा, बायको एकोणतीस. यावर माहितीपत्रकात खुलासा टाकला गेला की तेव्हापासून हा माणूस रोज न चुकता येत आहे. मग एका निवृत्त मास्तरांनी बेरीज करून कळवले की अशाने साल १९५६ उजाडते आणि मीच कालखंडाबाहेर जातो. फेरविचार होईपर्यंत दोन आठवडे मी नेस्टाचा बाप होतो. शेवटी असे निघाले की दहा फुटांवरून माझे वय कळत नाही. दोरी मागे सरकवली आणि मला पुन्हा नवरा केले.

मला हे काम जड गेले नाही, हे खरे ते सांगतो. एरवीही मी तिथे उभाच राहिलो असतो.

ऑगस्टमध्ये ग्वेनो आली. फाटकावर मिसेस प्रोबर्ट उंच टोपी घालून बसल्या होत्या. त्यांनी ग्वेनोला जवळ घेतले, आईची आठवण काढली, आणि सांगितले की तिला आत सोडता येणार नाही. त्या काळात मयताच्या घरच्या बायका कबरीपाशी जात नसत. त्या घरी थांबून, परतणाऱ्या पुरुषांसाठी हॅम कापत बसत. सगळ्या वारसा-पथात हीच एक गोष्ट खरी होती, आणि ती नेस्टानेच कधीतरी त्यांना सांगितली होती.

ग्वेनोने विचारले की मग या बसमधल्या बायका कशा आत जातात. त्या घरच्या नाहीत, मिसेस प्रोबर्ट म्हणाल्या, त्यांनी तिकीट काढले आहे.

ग्वेनोने तिकीट काढले. तीन पौंड.

मला हे काही ठाऊक नव्हते. दोनची वेळ होती. मी टोपी हातात घेऊन मान खाली घातली, वर पाहिले तर दोरीपलीकडे दहा-बारा अनोळखी माणसांत माझी मुलगी माहितीपत्रक घेऊन उभी. आपली आई कशी मेली ते ती वाचत होती. हँडेलने भोंग्याची आणि धावण्याची गोष्ट सांगितली. नंतर लोकांना प्रश्न विचारता येतात. एका गृहस्थाने डब्यात काय होते ते विचारले. चीज आणि कांदा, असे हँडेलने सांगितले. मग ग्वेनोने हात वर केला आणि माझ्याकडे बघून विचारले, "तुमच्या बायकोला काय आवडायचं?"

हे मला लिहून दिलेले नव्हते.

"कडक चहा," मी म्हणालो. "आणि सकाळी आठपर्यंत कुणी बोललेलं आवडायचं नाही."

ग्वेनो तोंडावर हात धरून रडू लागली. शेजारच्या बाईने तिला रुमाल दिला, आणखी दोघींनी पाठीवर हात ठेवला. मी दोरीकडे निघालो तेव्हा हँडेलने डोळ्यांनी मला जागेवर थांबायला सांगितले, आणि मी थांबलो. त्या दिवशी अभिप्रायाच्या वहीत पाच जणांनी लिहिले की प्रेक्षकांत बसवलेल्या मुलीची कल्पना उत्तम आहे, ती रोज असावी.

सप्टेंबरमध्ये मी खरी पाटी पिशवीत घालून नगरसभेत गेलो. हंगाम संपला होता. मिसेस प्रोबर्टनी खुर्ची दिली, चहा दिला, आणि सांगितले की गावाचे नाव लहान गावांच्या वारसा-पुरस्कारासाठी गेले आहे. ऑक्टोबरमध्ये परीक्षक येईपर्यंत दगडाला हात लावता येणार नाही. परीक्षक अस्सलपणा तपासणार होते.

अस्सलपणा हा शब्द ऐकून मला बरे वाटले. मी पिशवी घेऊन परत आलो.

परीक्षक दोघे होते, एक बाई आणि एक बुवा. हँडेल त्यांना शौचालय दाखवून इकडे आणत होता, वाटेत काही विसरले म्हणून तो मागे फिरला, आणि ते दोघे त्याच्याआधी माझ्यापाशी पोचले. बाईंनी मला विचारले की तुमच्या पत्नीबद्दल तुमच्या शब्दांत सांगा. मी सांगितले. तिचे नाव नेस्टा. ती एकाहत्तर वर्षांची होती. वर्षभर मूत्रपिंडाने आजारी होती. सोमवारी रात्री मी तिला उद्या येतो म्हणून निघालो आणि मंगळवारी दवाखान्यातून फोन आला. फोनवर पिन कोड विचारला. दगडावरची तारीख खोटी आहे, खरी माझ्या कपाटात आहे, आणि ती लावायला वीस मिनिटे लागतात. बाई लिहून घेत होत्या. बुवांनी एकदा घड्याळ पाहिले. दोघांनी माझे आभार मानले.

आम्हाला दुसरे बक्षीस मिळाले. पहिले गाढवाला गेले. अहवालात असे होते की स्थळ, दगड आणि कथा यांचा दर्जा उच्च आहे. मात्र विधुराची भूमिका करणारे ज्येष्ठ गृहस्थ मनाचे तपशील घालतात, दवाखाना आणि पिन कोड असे कालविसंगत उल्लेख करतात, आणि त्यांचे दुःख पुरेसे विश्वसनीय वाटत नाही. ही भूमिका प्रशिक्षित नटाकडे द्यावी.

हँडेलने अहवाल मला स्वतः वाचून दाखवला. शेवटचे वाक्य त्याने घाईने वाचले आणि कागदाची घडी करून खिशात घातली. तो माझ्या वर्गातला आहे.

नवा विधुर स्वान्सीचा आहे. तिशीचा, उंच, नम्र मुलगा. पहिल्याच दिवशी त्याने मला विचारले की तुम्ही इथे उभे असताना कशाचा विचार करता. मी म्हणालो, गुडघ्याचा. तो दिवसातून दोनदा रडतो आणि दोन्ही वेळा खरे अश्रू येतात. मी दोरीबाहेरून पाहिले आहे, आणि एकदा माझ्याही डोळ्यांत पाणी आले, ते त्या एकोणतीस वर्षांच्या मुलीसाठी आले. घरी गेल्यावर मला त्याची लाज वाटली.

मला आता फाटकावर बसवले आहे. फाटकाच्या किल्ल्या माझ्याकडे असतात. सकाळी आठला मी उघडतो, दहापर्यंत आत कोणी नसते. तेवढ्या वेळात वीस मिनिटांचे काम सहज होण्यासारखे आहे, आणि मला कोणी अडवणार नाही. उपसमितीची या वर्षात बैठकच झालेली नाही. पण अकरा वाजता गाडी येते, चाळीस माणसे उतरतात आणि नेस्टाच्या नावापुढे टोप्या काढून उभी राहतात. ती जिवंत असताना शाळेतल्या मुलांखेरीज तिच्यापुढे कधी कुणी रांग लावली नाही. खरी पाटी लावली की मग फक्त ग्वेनो येईल आणि मी असेन.

बाहेर पडताना लोक डोळे पुसत मला विचारतात, हे खरे घडले होते का. मी प्रत्येकाला खरे सांगतो: एकाहत्तर वर्षे, मूत्रपिंड, मंगळवार. ते ऐकून घेतात, मान हलवतात आणि गाडीत बसून डब्याच्या गोष्टीवर बोलू लागतात. मी त्यांना नावे ठेवत नाही. तुम्हालाही मी तिच्याबद्दल जे खरे ते सुरुवातीपासून सांगत आलो, आणि तरी तुमच्या डोळ्यांपुढे आत्ता कोण आहे ते मला ठाऊक आहे. ती खाणीकडे धावते आहे आणि तिच्या हातात डबा आहे.

नेस्टाच्या दगडावर अजून १९११ आहे. ते बदलायचे राहिले आहे.